मागच्या अंगणातला पालक

४ जानेवारी

ठमे,

तुझा पत्ता मला कुणी दिला ते विचारू नकोस. उगाच त्या मैत्रिणीवर रागावशील. तिनं बजावलंय, "काका, फोन करू नका. पत्र टाका, वाटलं तर वाचेल." म्हणून पत्र. चार वर्षांत सहीशिवाय काही लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षर गोड मानून घे.

सांगायचं एवढंच की मी घर बदलायला घेतलंय.

स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून तू एक कागद चिकटवला होतास, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना. वर 'सुरुवात आपल्या घरापासून' आणि खाली अकरा मुद्दे. ते दार मी रोज दहा वेळा उघडतो, पण कागद वाचला गेल्या महिन्यात. चहाची पूड शोधत होतो, सापडेना, आणि समोर तुझं अक्षर.

दुसऱ्या मुद्द्यापासून लागलो. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा. गच्चीवरच्या फुटक्या टाकीला ड्रिलनं भोकं पाडली आणि खताचा डबा केला. पहिल्या आठवड्यात असा वास सुटला की शेजारच्या शिवणवालीनं भिंतीवरून विचारलं, "काका, मागे काही मेलंय का?" म्हटलं, "मेलेलंच जिवंत करतोय गं." मग कळलं की सुकी पानं घालायची असतात, नुसती सालं कुजतात. तू असतीस तर आधीच सांगितलं असतंस, आणि मी ऐकलं नसतं.

शिवणवाली तुझ्या वेळी नव्हती. नवरा बस चालवतो, तीन वर्षांची एक मुलगी आहे, पिटुकली. शिवणवालीनं तुझ्या आईच्या जुन्या चादरींच्या सहा पिशव्या शिवून दिल्या. बाजारात मी आता प्लास्टिक घेत नाही. भाजीवाला म्हणतो, "तुम्ही आलात की मला घाम फुटतो." घरातले प्लास्टिकचे डबे काढले, त्रेचाळीस निघाले. आई एकही टाकत नसे. आंघोळ एका बादलीत. दिव्यांचा मुद्दा वाचून मात्र लाज वाटली. जन्मभर वायरमनकी केली, लोकांच्या घरी कमी विजेचे दिवे लावले, आणि आपल्या मोरीत अजून शंभराचा पिवळा बल्ब.

पहिल्या मुद्द्याबद्दल लिहीत नाही. त्यावर मारलेली रेघ कुणाच्या पेनाची आहे ते तुला माहीत आहे. पण तो आपोआपच पुरा झालाय. आई गेल्यापासून मागे मी काडी लावलेली नाही.

उत्तर दिलं पाहिजेस असं नाही.

बाबा


२९ जानेवारी

ठमे,

नववा मुद्दा: 'मागे चार भाज्या लावता येतील.' लावल्या.

मागचं अंगण तसंच ओसाड पडलं होतं. भिंतीकडेची फरशी उखडली, कुदळ घेतली. खाली माती अशी काळीभोर आणि भुसभुशीत, की मला वाटलं हिच्यात दगड पेरला तरी उगवेल. मध्येमध्ये तांब्याचे केसासारखे बारीक तुकडे चमकत होते. ते वेचून काढले. बावीस वर्षं त्या जागेवर मी भंगारातल्या वायरी जाळल्या, वरचं रबर-प्लास्टिक जळून जायचं आणि आतलं तांबं उरायचं. त्याची राख तिथंच मुरली. राख म्हणजे खतच की, असं मी मनाशी म्हटलं. तुला हे वाचून काय वाटेल ते मला कळतं. पण ज्या जागेवर आपण वाईट केलं तिथंच चांगलं उगवावं, ह्यात चूक काय?

पालक, मुळा, गाजर आणि दोन टोमॅटो.

पिटुकली रोज सकाळी येते. आई मशीनवर बसली की ही भिंतीच्या फटीतून इकडे. तिला मी एक जुना चमचा दिलाय, त्यानं ती माझ्याबरोबर खणते. मला 'मातीआजोबा' म्हणते. काल विचारलं, "मातीआजोबा, पालक कधी उठणार?" म्हटलं, "झोपलाय अजून, दात घासून येईल." तेव्हापासून वाफ्यापाशी कुजबुजत बोलते.

चार वर्षांत ह्या घरात कुणी हसलं नव्हतं. तेही लिहून टाकतो.

बाबा


२० फेब्रुवारी

ठमे,

पालक उठला. काल पहिली जुडी काढली आणि शिवणवालीकडे दिली. "काका, विकतचा ह्याच्यापुढे काहीच नाही," ती म्हणाली. विकतच्या पालकावर फवारे मारलेले असतात, आपला घरचा, शुद्ध, हे मी तिला पटवून दिलं. अगदी तुझ्यासारखं बोलत होतो. तिनं ठरवलंय, पोरीला आता आमचाच पालक. पोरगी एरवी भाजी बघितली की तोंड फिरवते, पण हा तिनं स्वतः उठवलाय ना! कोवळा मुळा तर उपटून, फ्रॉकला पुसून, तिथंच कुडूमकुडूम खाते.

पाणी मी धुण्याचं वापरतो, मुद्दा सहा. साबण तुझ्या कागदात लिहिलाय तोच आणला.

आई असती तर म्हणाली असती, म्हातारपणी सुचलं. तिला वेळेवर सुचत होतं सगळं. मलाच ऐकू येत नव्हतं.

बाबा


११ मार्च

तुझं पत्र आलं. त्याला पत्र म्हणायचं असेल तर.

तुझ्या ऑफिसचा कागद, वर पाणी तपासणी केंद्राचं नाव आणि फोन छापलेला, खाली एक ओळ: 'तिथली माती आधी तपासून घ्या. तोवर तिथलं काही खाऊ नका, कुणाला देऊ नका.'

ना बाबा, ना तुझं नाव. चार वर्षांनी एक ओळ, तीही नोटीस काढल्यासारखी.

मी तीन पत्रं लिहिली. डबे फेकले, पिशव्या शिवून घेतल्या, गुडघे धरलेत तरी वाकून वाफे केले. त्यात तुला एवढंच दिसलं? आई गेली त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "तिला आजारानं नाही, तुमच्या धुरानं नेलं." आता ती गोष्ट कागदावर सिद्ध करून हवीय का तुला? त्या तांब्यावर तू शिकलीस. तुला जे मातीतलं-पाण्यातलं कळतं, ते त्याच तांब्यानं शिकवलंय.

माती चांगली आहे. त्यात गांडुळं आहेत, मी डोळ्यांनी बघितली.

बाबा


३ एप्रिल

ठमे,

मागचं पत्र रागात टाकलं. पेटीत पडल्यावर हात घालून काढावंसं वाटलं, पण हात जाईना.

तू सांगितल्याप्रमाणे माती तपासायला देऊन आलो. रिपोर्ट यायला वेळ लागतो म्हणाले. आला की कळवतो. काळजी करू नकोस.

टोमॅटो लालबुंद झालेत. उन्हामुळे पिटुकलीची भूक कमी झाली आहे. बाकी सगळं ठीक.

बाबा


९ मे

ठमे,

मी माती दिली नव्हती.

एप्रिलमधलं ते वाक्य खोटं होतं. पिशवीत भरली होती, हे खरं. घमेल्यातून चार मुठी, चादरीच्या पिशवीत, गाठ मारून. ती पिशवी पाच आठवडे दाराच्या मागे खिळ्याला टांगलेली होती. रोज सकाळी चप्पल घालायचो, पिशवीकडे बघायचो आणि चप्पल काढून मागे पाणी घालायला जायचो. का, ते तुला सांगावं लागणार नाही. मातीत काही निघालं असतं तर तू जिन्यात बोललीस ते खरं ठरलं असतं. निघालं नाही असं कुणी सांगेल ह्याची मला खात्री नव्हती. म्हणजे मला माहीत होतं. एवढं कबूल करायला हे पत्र तिसऱ्यांदा लिहितोय.

पालक देत राहिलो. तोही थांबवला नाही. थांबवला असता तर "का?" असं शिवणवालीनं विचारलं असतं.

पिटुकलीचं पोट दुखायला लागलं. आधी वाटलं ऊन. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं. मग ती चिडचिडी झाली, रडायला लागली की थांबेचना. परवा भिंतीपाशी येऊन बसली, चमचा हातात, पण खणेना. "दमले मातीआजोबा," म्हणाली. तीन वर्षांचं पोर दमलं म्हणतं! डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, आई तुझी बघायची तशी. पांढरीफटक.

त्याच दिवशी पिशवी घेऊन शेतकी कॉलेजात गेलो. तिथल्या सरांना हातापाया पडून म्हटलं, लवकर करा. रिपोर्ट आज दिला. सर खुर्चीतून उठून बाहेर आले आणि विचारलं, "ही माती कुठली? बॅटरीच्या कारखान्यामागची का?"

म्हटलं, "माझ्या घरची."

शिसं आहे, ठमे. किती आहे ते आकडे मला वाचता येतात, पण त्यांचा अर्थ त्यांनी सांगितला. जुन्या वायरींच्या प्लास्टिकमध्ये शिसं घालायचे. ते जळून जात नाही, राखेत राहतं, आणि राख मातीत. पाल्यात थोडं येतं. मुळा-गाजराला चिकटून जास्त येतं. आणि लहान मूल माती चिवडून बोटं तोंडात घालतं, त्यातून सगळ्यात जास्त. "गांडुळं आहेत हो तिथे," मी म्हटलं. सरांनी वेड्याकडे बघतात तसं नाही, कीव आल्यासारखं बघितलं.

हाताखाली येणाऱ्या प्रत्येक नव्या वायरमनला मी पहिल्या दिवशी एकच शिकवायचो: टेस्टर लावल्याशिवाय वायरला बोट लावायचं नाही, मालक सांगू दे नाहीतर मालकाचा बाप. आणि मी एका पोरीला चमचा देऊन त्या मातीत बसवलं.

उद्या त्यांना सांगणार आहे. आज नवरा-बायको दोघं तिला घेऊन बाहेर गेलीत. हे निमित्त नाही, खरंच गेलीत.

बाबा


११ मे

ठमे,

सांगितलं.

काल सकाळी गेलो. मशीन चालू होतं, तिचा ड्रायव्हर नवरा पहिली फेरी संपवून चहा घेत होता. पिटुकली खाली चिंध्यांचे ढीग करत होती. शिवणवाली मान वर न करता म्हणाली, "आज रिकाम्या हातानं, काका?"

"मशीन थांबव जरा."

तिनं थांबवलं नाही. "बोला की, ऐकतेय."

"थांबव गं बाई."

मग सगळं सांगितलं. वायरी, राख, रिपोर्ट. कागद तिच्या हातात दिला. ती बराच वेळ वाचत होती. शिसं हा शब्द तिनं दोनदा मोठ्यानं वाचला, पहिल्यांदा चुकीचा. मी एवढ्यावर थांबू शकलो असतो. आज कळलं, आज सांगितलं, बिचारा म्हातारा, असं झालं असतं. तिथंच थांबावं असं मनात आलंही होतं. पण तुझी ओळ मी खिशात नेली होती, तीही पुढे केली.

तिनं वरची तारीख बघितली. "हे मार्चमधलं आहे."

"हो."

"मार्चपासून तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत नव्हतं. मुलीनं सांगितलं होतं तपासून घ्या म्हणून."

"आणि तुम्ही?"

मी खिळ्याला टांगलेल्या पिशवीचं सांगितलं.

"दोन महिने, काका." ती ओरडली नाही. ओरडायला हवं होतं. "दोन महिने मी तिच्या तोंडात घास कोंबत होते. खा, आजोबांनी तुझ्यासाठी पिकवलंय, म्हणत होते."

ड्रायव्हर उठला. मला वाटलं हात टाकणार, आणि खरं सांगतो, टाकला असता तर बरं वाटलं असतं. त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही. पोरीला उचललं, नळाखाली नेलं आणि तिचे हात धुवायला लागला. साबण लावून, एकेक बोट, एकेक नख, नखाच्या आतून. धुतले की पुन्हा साबण. ती रडायला लागली, "बाबा, दुखतंय," म्हणाली, तरी तो धूतच राहिला. शेवटी शिवणवालीनं जाऊन नळ बंद केला.

परत येऊन ती मला म्हणाली, "हा कागद माझ्याकडे राहू दे. ह्यावर तुमच्या मुलीचा फोन आहे. तुमच्याशी नाही बोलायचं मला. तिच्याशी बोलते."

तेव्हा तुला फोन येईल. आला असेल. उचल, एवढंच माझं मागणं.

बाबा


२ जून

ठमे,

पिटुकलीच्या रक्तात निघालं. तुला माझ्याआधी कळलंय हे मला आता माहीत आहे. तरी लिहितो, कारण बाकीचं तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

काल सकाळी शिवणवाली दारात आली. तीन आठवड्यांनी पहिल्यांदा. म्हणाली, "डॉक्टरांना तुम्हाला काही विचारायचंय. रिक्षात पुढे बसा. पोरीशी बोलू नका." पुढे बसलो. मागून पिटुकली दोनदा म्हणाली, "मातीआजोबा, तुम्ही माझ्यावर रागावलात?" तिच्या बापानं तिला बाहेरची म्हैस दाखवली.

लहान मुलांच्या डॉक्टर बाई वयानं तुझ्याएवढ्या. त्यांनी साक्ष घ्यावी तसं विचारलं आणि मी साक्ष द्यावी तसं सांगितलं. किती वर्षं? बावीस. आठवड्यातून किती दिवस? तीन, कधी चार. कसल्या वायरी? जुन्या घरांतल्या, कारखान्यांतल्या, मिळेल त्या. राख कुठे टाकायचात? भिंतीकडेला पसरायचो, चिखल बसायला बरी पडायची. जाळताना कपडे बाहेर असायचे? असायचे. बायको काढून आत घ्यायची. बायकोनं कधी सांगितलं नाही, बंद करा म्हणून? सांगितलं. किती वेळा?

मोजलं नाही. पहिल्या वर्षी भांडून सांगायची, मग समजावून, मग नुसती खिडक्या लावून घ्यायची. शेवटच्या वर्षी तर खोकता खोकता मलाच काडेपेटी आणून द्यायची, की लवकर उरका आणि आत या. मला ते प्रेम वाटायचं. असेलही. पण तिनं हात टेकले होते. हे इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा तोंडानं बोललो, तेही तीन परक्या माणसांसमोर.

"घरात आणखी कोण होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"एक मुलगी."

"कुठे खेळायची?"

मला वाटलं होतं की माझं जेवढं व्हायचं तेवढं होऊन गेलंय. तो प्रश्न ऐकून कळलं की नाही. तू तिथंच खेळायचीस, ठमे. राख गार झाली की त्यातले तांब्याचे मणी वेचून आगपेटीत भरायचीस. मीच तुला सांगायचो, डोळे तिखट आहेत पोरीचे, एक मणी सुटत नाही. लोकांना कौतुकानं दाखवायचो.

डॉक्टर म्हणाल्या, "लहानपणी अंगात गेलेलं शिसं हाडांत जाऊन बसतं, वर्षानुवर्षं. बाईला दिवस राहिले की बाळासाठी हाडांतून कॅल्शियम निघतं, त्याबरोबर हेही रक्तात उतरतं. मुलीला कळवा. तसं काही असेल तर आधी तपासून घ्यायला सांगा."

शिवणवाली माझ्या शेजारी बसली होती. समोर बघतच म्हणाली, "तिला माहीत आहे, डॉक्टर. तिची तपासणी मार्चमध्येच झाली."

परत येताना रिक्षा फाटकाशी थांबली तेव्हा तिनं उरलेलं सांगितलं. तुला सहावा महिना लागलाय. तिसऱ्यात रक्त तपासलं तेव्हा निघालं. त्याच संध्याकाळी तू मला ती ओळ लिहिलीस. "मी विचारलं तिला," शिवणवाली म्हणाली, "सरळ का नाही सांगितलं बाबांना? तर म्हणाली, चार ओळी लिहिल्या असत्या तर ते म्हणाले असते, ही पुन्हा तेच उगाळतेय. एकच ओळ लिहिली, म्हणजे तरी ऐकतील."

तुझ्या ऑफिसच्या कागदाला मी नोटीस म्हटलं होतं.

काय लिहू? माफी हा शब्द मी दोनदा लिहून खोडला. तो लिहिला की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि तुझ्यावर आता कसलंही ओझं नको.

बाबा


१४ जुलै

ठमे,

तू आली होतीस.

मला कुणी सांगितलं नव्हतं. ऑफिसची गाडी थांबली, दोन माणसं उतरली, मग तू. हात पाठीला लावून, सावकाश. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत होतो. तुम्ही बाहेरच्या बोळातून थेट मागे गेलात. नाकाला फडकं, हातात मोजे, आणि वाफ्यांपासून तू वीस पावलं लांब उभी राहून त्या माणसांना सांगत होतीस, इथून घ्या, हातभर खालून घ्या, भिंतीपलीकडचंही घ्या. आवाज आईचा झालाय तुझा.

मी दार उघडलं. पाणी विचारावं असं मनात होतं, आणि मग आठवलं की ह्या घरातलं पाणी तू पिणार नाहीस, पिऊही नयेस. म्हणून नुसताच उभा राहिलो. तू बघितलंस. "आत थांबा," म्हणालीस, "धूळ उडतेय."

चार वर्षांनी एवढे शब्द. घरात येऊन मी ते पुन्हा पुन्हा म्हणून बघितले. त्यात राग शोधला, काळजी शोधली. काहीच नव्हतं. धूळ उडत होती एवढंच.

गाडी गेल्यावर तुझी माणसं म्हणाली तसं सगळं केलं. पालक, मुळे, टोमॅटोची झाडं मुळासकट उपटून गोणीत भरली. खताच्या टाकीतही मी तिथली माती मिसळली होती, म्हणून तीही गेली. सात महिन्यांचं खत होतं, चहाच्या पुडीसारखं झालं होतं. मग पुन्हा येऊन त्यांनी वरून हातभर माती खरवडून नेली. बाकीची पुढच्या वर्षी नेतील, तोवर झाकून ठेवा म्हणाले. तुझ्या कागदावरून मी घरातलं होतं नव्हतं ते प्लास्टिक काढलं, आणि आता अख्ख्या अंगणावर बाजारातलं सगळ्यात जाड प्लास्टिक अंथरलंय, कडेला विटा ठेवून. वारा सुटला की दिवसभर फडफडतं.

शिवणवालीनं घर सोडलं. डॉक्टरांनीच सांगितलं, भिंतीला भिंत लागून आहे, तिथं ठेवू नका. टेम्पोत सामान भरताना मी हात लावायला गेलो तर ड्रायव्हर म्हणाला, "राहू द्या." वाईट बोलला नाही. मशीन एकट्यानं उचललं त्यानं. पिटुकलीचा आकडा थोडा खाली आलाय, पण तीन वर्षांची असून ती कधीकधी शब्द विसरते. टेम्पोत बसल्यावर आईला विचारत होती, "ते, आपलं, ते पानांचे आजोबा?" डॉक्टर म्हणतात, झालेलं नुकसान किती, ते शाळेत गेल्यावर कळेल. कदाचित काहीच नसेल. त्यांनी 'कदाचित' कसं म्हटलं ते मी ऐकलंय.

बोळात पुढे एक भंगारवाला आहे, त्याच्या अंगणातूनही धूर निघतो. मी तीनदा जाऊन आलो. रिपोर्ट दाखवला. तुझ्या आईचं सांगितलं, पिटुकलीचं सांगितलं. तुझं नाव न घेता तुझंही सांगितलं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "काका, तुम्ही बावीस वर्षं केलंत. घर बांधलंत, पोरीला शिकवलंत. आता मला शिकवता?"

त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हणालो असतो. म्हणालोच होतो. उद्या चौथ्यांदा जाणार आहे. तो ऐकणार नाही.

बाबा


१९ सप्टेंबर

ठमे,

शिवणवालीचा फोन आला. नवीन घरातून, दोन महिन्यांनी. "झाली तुमची मुलगी मोकळी," म्हणाली. "काल सकाळी."

"सुखरूप?"

"दोघंही."

मग ती थांबली. तिला वाटलं मी पुढचं विचारीन, जे सगळे विचारतात. मी विचारलं नाही. ती म्हणाली, "काका, आहात ना?" म्हटलं, आहे. मग तिनंच सांगितलं, नाळेतलं रक्त तपासायला पाठवलंय, आठवड्यात कळेल. आणि म्हणाली, "हे तिनं सांगायला सांगितलेलं नाही. मला राहवलं नाही म्हणून." फोन ठेवताना मागून पिटुकलीचा आवाज आला, कुणावर तरी ओरडत होती. चांगलं जोरात ओरडत होती.

मी बाळाला बघायला येणार नाही. तू बोलावणार नाहीस, आणि बोलावलंस तरी माझ्या कपड्यांना, चपलांना काय चिकटलेलं असेल ते मला माहीत नाही. माझंही रक्त तपासलं, ते राहू दे.

बाळासाठी काही पाठवावं म्हणून दिवसभर घरात हिंडलो. आईनं तुझी दुपटी ठेवली होती, ट्रंकेत, पांढरी, मऊ. हातात घेतली आणि मग आठवलं की ती वर्षानुवर्षं त्याच अंगणात वाळली आहेत. परत ठेवली. ह्या घरात तुझ्या बाळाला देता येईल अशी एकही वस्तू नाही. तीनही खोल्या बघितल्या.

आकडा कळवू नकोस, मला सोसणार नाही, असं लिहून हे पत्र एकदा बंद केलं होतं. पुन्हा उघडलं. न कळून घ्यायचं मी आयुष्यभर केलं आणि त्याचं सगळं दुसऱ्यांनी सोसलं.

मुलगा की मुलगी ते तुला वाटेल तेव्हा सांग. न सांगितलंस तरी चालेल. आकडा आधी कळव. कितीही असो, नुसता आकडा लिही, बाकी एक अक्षर लिहू नकोस.

बाबा